ज्ञानूभाऊंच्या होडीची जाळी

व्याही घरी आले की त्यांना कुठं बसवायचं, हा प्रश्न शहापूरच्या ज्ञानेश्वर विशे यांच्या घरात खरं तर पडायला नको होता. पुढच्या खोलीत सोफा होता, ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि पाहुण्याला वाऱ्याचीच आवड असेल तर झोपाळाही होता. पण टोकावड्याचे व्याही राघोशेठ भर एप्रिलच्या दुपारी फाटकातून आत आले, उपरण्यानं मान पुसली आणि आंब्याच्या सावलीत बसण्यासारखी जी पहिली वस्तू दिसली तिच्यावर बसले.

ती वस्तू होडी होती.

यात राघोशेठची चूक काढता येणार नाही. दोन लांब, निमुळत्या नावा शेजारी शेजारी ठेवलेल्या, त्यांना जोडणारी पाइपची चौकट, आणि चौकटीत ताणून बसवलेली काळी जाळी. न माहीत असलेल्या माणसाला ती दोन केळ्यांच्या मधे टाकलेली बाज वाटणारच. शिवाय हौसाबाई त्या जाळीवर कुरडया वाळत घालायच्या, त्यामुळे तिच्यात होडीपण फारसं उरलेलंही नव्हतं. राघोशेठ बसले. जाळीनं कापड फाटल्यासारखा बारीक आवाज केला. राघोशेठना वाटलं, आपली पँट. त्यांनी घाईघाईनं मागं हात नेऊन चाचपलं, आणि त्या हालचालीनं उरलेलं काम झालं. पाय वर, डोकं वर, आणि मधला सगळा व्याही खाली, अशा स्थितीत ते दोन नावांच्या मधे जाऊन घट्ट बसले.

"अहो, बाहेर या! शेठ आत गेले!" हौसाबाई ओरडल्या. ज्ञानूभाऊंना वाटलं शेठ घरात गेले, म्हणून ते घरात शोधायला लागले. त्यात बरीच मिनिटं गेली.

शेवटी मुलगा भावेश, शेजारचा मितेश आणि स्वतः ज्ञानूभाऊ यांनी त्यांना काढलं. खांदे धरून ओढलं की कंबर अडकायची, आणि व्याह्याला तंगडी धरून ओढणं सोयरिकीत बसत नव्हतं. भिंतीपलीकडून बुधीमावशी सूचना देत होत्या. त्यांची गाय एकदा नालीत अडकली होती, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला अनुभवाचं वजन होतं. राघोशेठ निघाले तेव्हा त्यांच्या पाठीवर सगळीकडून कुरडया चिकटलेल्या होत्या. चहा त्यांनी उभ्यानंच घेतला. "बसा ना" म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

ते गेल्यावर सून दर्शना ओट्यावर आली. ती आवाज चढवून बोलणारी मुलगी नव्हती, आणि ज्ञानूभाऊंना भीती वाटायची ती त्याचीच.

"बाबा, माझे वडील पडले म्हणून मी बोलत नाही. पण जूनमध्ये आपली गाडी यायचीय. गाडी उभी करायला जागा ती एकच. ती होडी एक तर पाण्यात जाऊ दे, नाहीतर भंगारात. आंब्याखाली आता नको."

ही होडी समुद्रापासून इतक्या लांब आंब्याखाली काय करत होती, हे गल्लीत नव्यानं राहायला येणारा प्रत्येक जण विचारायचा. आपण ते थोडक्यात ऐकून घेऊ. ज्ञानूभाऊंनी ती संधी आजवर कुणाला दिलेली नाही.

ज्ञानूभाऊ वाशिंदच्या एका कंपनीत स्टोअरमधे होते. त्या कंपनीला एके काळी नौदलातून आलेले मोठे साहेब होते. साहेबांना पाणी दिसलं की राहवायचं नाही, आणि इथं तर तालुकाभर धरणांचं पाणी. त्यांनी कामगारांच्या करमणूक मंडळासाठी ही जोडहोडी आणवली. मधल्या जाळीला ते 'ट्रॅम्पोलिन' म्हणायचे. रविवारी कंपनीचा ट्रक सुटायचा, मागं फिटर, टर्नर, शिपाई, कँटीनचा आचारी, डबे, आणि सगळ्यांच्या वर आडवी टाकलेली डोलकाठी. पाण्यावर गेल्यावर त्या जाळीवर पालथं पडलं की नाकाखालून पाणी पळताना दिसायचं. तिथं हुद्दा टिकायचा नाही. फोरमन काय, हेल्पर काय, सगळे सारखेच ओले. पुढं साहेब गेले, मंडळाकडे कॅरम उरला, मग कॅरमच्या सोंगट्याही कुणी नेल्या, आणि होडी स्टोअरच्या मागं गवतात पडली. निवृत्त होताना बाकीच्यांनी भिंतीवरचं घड्याळ घेतलं. ज्ञानूभाऊंनी होडी मागितली. कंपनीनं ती इतक्या आनंदानं दिली की तेव्हाच त्यांना शंका यायला हवी होती.

जाळी फाटल्याच्या दुसऱ्या दिवशी शेणव्याहून चंदर आला. चंदर म्हणजे कंपनीतला फिटर, आणि त्या रविवारच्या टोळीतला ज्ञानूभाऊंव्यतिरिक्त उरलेला एकटाच. बाकीचे कुणी गावाला गेले होते, कुणी देवाकडे.

"ज्ञानू, मी चाललो रे नाशिकला," चंदर झोपाळ्यावर बसत म्हणाला. "पोरगा ऐकत नाय. एकट्यानं नको राहू बोलतो. पाऊस लागायच्या आत घर आवरायचं हाय."

चंदरची नजर आंब्याखाली गेली.

"ही कशी फाटली?"

"व्याही."

"आरपार?"

"आरपार."

चंदर इतका हसला की झोपाळ्याच्या कड्या वाजायला लागल्या. मग डोळे पुसून तो म्हणाला, "एकदा नेऊ या की रे पाण्यात. जायच्या आधी."

झालं. जाळी बदलायची ठरली. एवढंसं काम, ज्ञानूभाऊ म्हणाले, चार दिवसांत होईल. पुढं मे महिना उलटायला आला तरी हौसाबाई रोज सकाळी चहा देताना विचारायच्या, "आज चौथा का?"

गल्लीत सल्ल्यांना तोटा नव्हता. एकानं नर्सरीची हिरवी शेडनेट सुचवली, एकानं क्रिकेटची जाळी. बुधीमावशी म्हणाल्या, "त्याच्यापरीस वरती मांडव घाल नि दुधी सोड. होडी पण ऱ्हाईल नि भाजी पण होईल." दर्शनाला हा सल्ला कुणी सांगितला नाही. मितेशचं सगळं ज्ञान मोबाइलमधे असायचं. तो म्हणाला, "काका, तुम्ही कुठल्या काळात आहात? वस्तूचं नाव सांगा, घरी येते."

ज्ञानूभाऊंनी साहेबांच्या उच्चारात नाव सांगितलं, "ट्रॅम्पोलिन."

मितेशनं बोट फिरवलं आणि मागवून टाकलं.

खोकं आलं ते रिक्षातून मावेना, म्हणून रिक्षाच्या टपावरून आलं. आतून स्प्रिंगा निघाल्या, पाय निघाले, निळी गादीची कड निघाली, आणि सगळं जोडल्यावर अंगणात उभी राहिली लहान मुलांची उड्या मारायची गोल जाळी. ज्ञानूभाऊ तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. होडी चौकोनी होती.

"अहो, पण नाव तर बरोबर आहे," मितेश खोक्यावरचं वाचत म्हणाला, जणू चूक होडीची होती.

परत पाठवायचं तर न वापरलेली पाहिजे, आणि तोवर गल्लीतली समस्त बालसेना तिच्यावरून आंब्याच्या कैऱ्यांपर्यंत पोचायला लागली होती. ती जाळी शेवटी गच्चीवर गेली. कुणी बघत नसताना दर्शना तिच्यावर उड्या मारते असं हौसाबाईंचं म्हणणं आहे. पण सासूच्या साक्षीला आपण किती महत्त्व द्यायचं?

मग ज्ञानूभाऊंनी आधुनिक मार्ग सोडला आणि बाजारातल्या कान्हाकडे गेले. कान्हा ट्रकच्या ताडपत्र्या, मांडव, रिक्षाचे हूड, सगळं शिवायचा. ज्ञानूभाऊंनी त्याला मापं दिली आणि तासभर होडीचा इतिहास दिला. कान्हा दोन्ही गोष्टी मान डोलावत ऐकत होता, त्यामुळे त्यानं नेमकं काय लक्षात ठेवलं हे कळायला मार्ग नव्हता. पण कापड झकास शिवलं. जाड, काळंभोर, कडेनं पितळी रिंगा. ज्ञानूभाऊंनी आणि चंदरनं ते चौकटीत ओढून बांधलं, आणि ढोलकीवर मारावी तशी थाप मारली. तसाच आवाज आला. संध्याकाळभर दोघं त्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी नावांचे तळ घासायचे म्हणून होडी कुशीवर उभी केली, आणि गल्लीकडे तोंड करून एक हसरा, हात जोडलेला, पुष्पहार घातलेला चेहरा प्रकट झाला. कापडाची खालची बाजू म्हणजे तालुक्यातल्या एका नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. 'लाडक्या भाऊंना उदंड आयुष्याच्या शुभेच्छा,' खाली शुभेच्छुकांचे चेहरे, आणि एका शुभेच्छुकाच्या बरोबर नाकात पितळी रिंग.

दुपारपर्यंत तो नाकवाला शुभेच्छुक स्वतः चार जण घेऊन दारात उभा. "काका, हे काय चालवलंय? भाऊंच्या तोंडावर बसणार तुमी?"

"तोंड खाली आहे रे," ज्ञानूभाऊ अजिजीनं म्हणाले. "आम्ही पाठीवर बसणार."

"मंजे भाऊंचं तोंड पाण्यात?"

"उलटं लावू का मग? तोंड वर करून?"

"नि त्याच्यावर बसणार?"

हा पेच खरोखर अवघड होता. भाऊंना कुठल्याही बाजूनं लावलं तरी अपमान होत होता. मोठ्या मानानं घडी घालून, हळद-कुंकू तेवढं न वाहता, कापड शुभेच्छुकांच्या स्वाधीन करण्यात आलं. कान्हा म्हणाला, "तुमी मजबूत बोललेलात. फ्लेक्सवानी मजबूत काय नाय."

चंदरनं ज्ञानूभाऊंचं सांत्वन केलं ते वेगळंच. "बरं झालं रे ज्ञानू. असला सलग कपडा चालतच नाय. खालून वारा घुसला तर होडी पतंगासारखी उचलली असती. साहेब बोलायचे ना, जाळीला भोकं पाहिजेत, पाणी नि वारा जायला." हे त्याला आदल्या संध्याकाळी आठवलं नव्हतं.

एवढ्यात आणखी एक प्रश्न उभा राहिला. होडी नेणार कुठं? पूर्वी ट्रक सुटायचा आणि पाण्याशी थांबायचा. विचारायचं कुणाला हा विचारच कुणाच्या मनात आला नव्हता. आता ज्ञानूभाऊ नियमानं वागणारे नागरिक म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी डबा झाकला आणि विचारलं, "इंजिन किती हॉर्सपॉवरचं?"

"इंजिन नाही मॅडम."

"मग चालते कशावर?"

"वाऱ्यावर."

"वाऱ्याची परवानगी आमच्याकडे नसते. आणि धरणाचं पाणी पिण्याचं आहे. त्यात पाय बुडवायलाही बंदी आहे."

"आम्ही पूर्वी दर रविवारी..."

"पूर्वी मी पण इथं नव्हते," बाई म्हणाल्या, आणि डबा उघडला.

बाहेरच्या बाकावर ज्ञानूभाऊ बराच वेळ बसून राहिले. धरण तेच होतं, डोंगर तेच होते. फक्त ज्या लोकांना विचारावं लागत नव्हतं ते लोक राहिले नव्हते. घरी येऊन त्यांनी कुणाशी वाद न घालता जेवण केलं. त्यानं हौसाबाईंना फार काळजी वाटली. दोन दिवसांनी भंगारवाला येऊन नावांवर टिचक्या मारून गेला, तेव्हाही ज्ञानूभाऊ पेपर धरून आत बसले होते. पेपर उलटा होता.

आणि त्याच आठवड्यात राघोशेठ पुन्हा आले. या वेळी फटफटीवरून, मागं नायलॉनच्या दोरीची भलीमोठी गुंडाळी बांधून.

हौसाबाईंनी लगबगीनं खुर्ची पुढं केली. राघोशेठनी ती आधी हातानं दाबून पाहिली.

"व्याही," ते ज्ञानूभाऊंना म्हणाले, "मी तुमच्याकडं बसायला आलो नि पडलो. ठीक हाय. पण ही बातमी माझ्याआधी टोकावड्याला पोचली. माझ्या ढाब्यावर येतात ते डायवर लोक विचारतात, शेठ, होडी बुडाली म्हणे, ती पण जमिनीवर? लग्नाला जावं तर लोक माझ्या खुर्चीचे पाय हालवून बघतात. तालुक्यात माझी उठबस बंद व्हायची पाळी आली! म्हणून सांगतो, ही जाळी मी विणणार, नि पाण्यात तिच्यावर पहिला मीच बसणार."

ज्ञानूभाऊंना गहिवरून आलं. आजवर व्याह्यांशी त्यांचं बोलणं पाऊसपाणी आणि तब्येत यापलीकडे गेलं नव्हतं. लग्नात मानपानावरून जी थोडी खरखर झाली होती ती दोघांनी जपून ठेवली होती. आता एकाच जाळीनं दोघांची अब्रू घेतली म्हटल्यावर ते एकदम एका बाजूला आले.

"पण नेणार कुठं? परवानगी नाही," ज्ञानूभाऊ म्हणाले.

"आमच्या मागं तलाव हाय की. मासेवाल्यांच्या सोसायटीचा. अध्यक्ष माझ्याकडं रोज भजी खातो. त्यांच्या जाळ्यात घुसू नका, एवढंच बोलला."

आणि मग खरं विणकाम सुरू झालं. राघोशेठनी लहानपणी वडिलांबरोबर काथ्याच्या बाजा विणल्या होत्या. चंदरला दोरी ताणायचं फिटरचं गणित येत होतं. ज्ञानूभाऊंना साहेब काय म्हणायचे ते येत होतं. तिघंही लुंगी खोचून आंब्याखाली बसायचे.

"बाजेला पायथ्याला दावण लागते, मागनं ताण द्यायला," राघोशेठ म्हणायचे. "होडीचा पायथा कंचा?"

"ज्या बाजूला जाते ते डोकं," चंदर म्हणायचा.

"मंजे आपण पायथ्याशी बसायचं? व्याह्याला पायथ्याशी बसवता?"

यावर अर्धा दिवस गेला. पुढं एकदा पाऊण जाळी विणून झाल्यावर लक्षात आलं की राघोशेठ एका बाजूनं चौकड्या घालत होते आणि ज्ञानूभाऊ दुसऱ्या बाजूनं नुसत्या तिरक्या. दोन्ही बाजू मधोमध भेटल्या तेव्हा एकमेकींना ओळखेनात. सगळं उसवलं. ज्ञानूभाऊंच्या तळहाताला फोड आले. स्टोअरच्या नोकरीत त्यांनी दोरी मोजून दिली होती, ओढली नव्हती.

पण त्या दिवसांना एक मजा होती. हात चालू असले की तोंडंही चालायची. कँटीनच्या आचाऱ्यानं पाण्यावर भजी तळायची म्हणून होडीत स्टोव्ह कसा चढवला, साहेबांची तंबाखूची पाइप पाण्यात पडली तेव्हा त्यांनी टोपी काढून तिला सलामी कशी दिली, एक हेल्पर होडीतच गाढ झोपला आणि सगळे उतरून घरी कसे निघाले. हौसाबाई चिंच निवडत बाजूला बसायच्या. हे किस्से त्यांना पाठ होते. पण आता ते चंदरच्या तोंडून येत होते, आणि चंदरच्या तोंडून ते थोडे वेगळे होते.

"मग ह्यांनी होडी फिरवली आणि सगळ्यांना वाचवलं, ना?" होडी वादळात सापडल्याचा किस्सा चालू असताना त्यांनी मधेच विचारलं.

"कोणी? ज्ञानूनी?" चंदरनं दोरी दातातून काढली. "नाय वैनी. ज्ञानूला साहेब सुकाणूला हात लावू द्यायचे नायत. ह्याला वळताना डावं-उजवं कळायचं नाय. हा वाऱ्याच्या बाजूला बसायचा. वजन म्हणून."

एवढी वर्षं हौसाबाईंनी ज्यांना कप्तान म्हणून चहा दिला होता ते गृहस्थ मान खाली घालून एका गाठीकडे फार बारकाईनं बघत होते.

"वजनपण लागतंच की," हौसाबाई म्हणाल्या आणि चिंच निवडायला लागल्या. पण त्यांच्या खांद्यांची हालचाल चिंच निवडणाऱ्या बाईची नव्हती.

जाळी झाली. मधे थोडा झोळ होता, एक कोपरा पिवळ्या दोरीचा होता कारण पांढरी संपली होती, आणि नीट बघितलं तर तीन माणसांचे तीन स्वभाव तिच्यात वेगवेगळे दिसत होते. भावेशनं ऑफिसला रजा टाकली, टेम्पो ठरवला, आणि मेच्या शेवटी एका सकाळी होडी, डोलकाठी आणि माळ्यावर जपून ठेवलेल्या शिडासकट, आंब्याखालून निघाली. रिकाम्या जागेत दर्शना लगेच टेप घेऊन मोजायला गेली. पण टेम्पो वळेपर्यंत तिनं हातही हलवला.

शहापूरहून मुरबाडवरून टोकावड्याला जाणारा रस्ता काही फार लांबचा नाही, पण पाठीवर जोडहोडी असली की तो लांबतो. प्रत्येक नाक्यावर कुणीतरी टेम्पो थांबवून विचारायचं, हे काय आहे. एकाला ते चाकं नसलेलं विमानाचं मॉडेल वाटलं. पुढं एका गावाजवळ वरात आडवी आली. बँडवाले नाचणाऱ्यांना वाट काढून देता देता टेम्पो मधोमध अडकला, आणि नवऱ्याच्या मामाला वाटलं की ही सजवायची गाडी आपल्याच कुणीतरी मागवली. ज्ञानूभाऊ केबिनमधून "अहो, ही होडी आहे" म्हणेपर्यंत नवरा वर चढून जाळीवर बसला होता आणि दोन करवल्या नावांवर. फटाके वाजले. चंदरला कुणीतरी फेटा बांधला. मारुतीच्या देवळापर्यंत होडी वाजतगाजत गेली, आणि तिथं नवरीच्या बाजूचे लोक विचारू लागले तेव्हा कुठं घोटाळा उघडा पडला. नवरा उतरायला तयार नव्हता. त्याला गार वाटत होतं.

"जाळी तर टिकली," चंदर फेट्यासकट म्हणाला. "नवरा धरून."

राघोशेठ मात्र नाराज झाले. पहिले बसणार होते ते.

तलाव राघोशेठच्या ढाब्याच्या मागं, शेतं संपतात तिथं होता. पाणी उन्हाळ्यानं आत ओढलं गेलं होतं, तरी भरपूर होतं, आणि पलीकडे माळशेजचे डोंगर उभे. होडी पाण्यात ढकलली. ती तरंगली. एवढ्या साध्या गोष्टीचं तिघांनाही इतकं आश्चर्य वाटलं की क्षणभर कुणी तिला धरलंच नाही, आणि भावेशला पँट न काढता तिच्यामागं पळावं लागलं.

राघोशेठ चढले. काठावर ढाब्याचे आचारी, सोसायटीचे अध्यक्ष आणि मुद्दाम थांबलेले चार ड्रायव्हर श्वास रोखून उभे होते. राघोशेठ सावकाश बसले. जाळी खाली गेली, आणखी खाली गेली, आणि त्यांची बैठक पाण्याला लागली तिथं थांबली. एकही गाठ सुटली नाही. कमरेपर्यंत ओले राघोशेठ दोन्ही हात वर करून म्हणाले, "बघा रे! बसलोय!" टाळ्या पडल्या. ते बराच वेळ तसेच बसून राहिले आणि मग मानानं उतरले. होडी त्यांच्या ढाब्यामागंच राहील, गाडीच्या जागेत परत जायचं कारण नाही, हेही त्यांनी तिथंच, त्याच ओल्या अवस्थेत जाहीर केलं.

आता ज्ञानूभाऊ सुकाणूशी बसले. चंदर शिडाची दोरी धरून पुढं. हौसाबाई पाण्याची बाटली द्यायला गुडघाभर पाण्यात आल्या होत्या. राघोशेठ उतरल्यामुळं होडी फार हलकी झालीय, असं चंदर म्हणाला, आणि हौसाबाईंना पदर खोचायलाही वेळ न देता वर ओढून घेतलं. त्या जाळीवर मांडी घालून बसल्या, बाटली छातीशी धरून.

वारा आला. शीड एकदा फडफडलं आणि भरलं, आणि होडी कुणी हाक मारल्यासारखी निघाली. चंदर काहीतरी ओरडला. शब्द नव्हता तो. कंपनीचे दिवस, नाशिकचं बिऱ्हाड, बाकावर बसवून ठेवणारं कार्यालय, सगळं काठावरच्या माणसांसारखं लहान होत गेलं. ज्ञानूभाऊ ताठ बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा सुकाणूचा दांडा त्यांच्या हातात होता, आणि तो हातात असल्याचं त्यांना दिसत होतं, हौसाबाईंना दिसत होतं, काठावर सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात त्यांच्या पोटरीत गोळा आला.

साधासुधा नव्हे. पाय धनुष्यासारखा वाकला, ज्ञानूभाऊ "आई गं" म्हणून जाळीवर उताणे झाले आणि दांडा सुटला. होडी पिसाळल्यासारखी वळायला लागली.

"वैनी, दांडा धरा!" चंदर ओरडला. त्याच्या दोन्ही हातांना शिडाची दोरी गुंडाळलेली होती.

हौसाबाईंनी बाटली टाकली आणि दांडा धरला.

"डावीकडे ढकल! नाही, उजवीकडे!" ज्ञानूभाऊ उताणे पडून पोटरी चोळत ओरडत होते. "तुझ्या डावीकडे! माझ्या नाही!"

हौसाबाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी दांडा थोडा एका बाजूला लोटून पाहिला. होडी तोंड फिरवायला लागली. मग त्यांनी तो थोडा इकडे ओढला. होडी सरळ झाली, शीड भरलं आणि ती पहिल्यापेक्षा जोरात निघाली. हौसाबाईंनी पुन्हा एकदा तसंच करून पाहिलं, मुद्दाम, नुसतं बघायला. होडीनं ऐकलं.

चंदर तोंड उघडं टाकून बघत होता. ज्ञानूभाऊंचा गोळा उतरला, ते कोपरावर उठून बसले आणि त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला. डोक्यावरचा पदर उडाला होता, केस सुटले होते, आणि भुवया अशा जुळल्या होत्या जशा सुईत दोरा ओवताना जुळतात.

काठ खूप मागं राहिला होता. राघोशेठ तिथून ओलं उपरणं हलवत होते, ढाब्यावर जेवण तयार असल्याची खूण करत होते.

"हौसा," ज्ञानूभाऊ हळूच म्हणाले, "आता वळवायला पाहिजे. ते बोलवतायत."

"कशाला?"

"जेवायची वेळ झाली."

"मग?" हौसाबाईंनी दांडा काखेत घट्ट धरला आणि समोरच्या डोंगरावर नजर लावली. "मी काय गॅसवर ठेवून आले नाय काही. जाऊ द्या."